यू म्हणजे तू की तुम्ही?

(दृश्य: बांबोळी. जूनचा पाऊस. महामार्गावरून एक १०८ रुग्णवाहिका आत वळते.)

बांबोळीला बस थांबली की निम्मी रिकामी होते. उतरणाऱ्यांच्या हातात पिशवी, पिशवीत एक्स-रे, चपातीचा डबा, थर्मास. कोणी काणकोणहून आलेलं, कोणी पेडण्याहून, आणि एखादं माणूस तरी दोडामार्गचं किंवा सावंतवाडीचं असतंच. सिंधुदुर्गातल्या घरात आजार जड झाला की पहिलं नाव निघतं ते गोमेकॉचं. गोवा वैद्यकीय महाविद्यालय. पोर्तुगीजांनी १८४२ साली सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेची ही आजची इमारत.

७ जून २०२५. शनिवार, बकरी ईदची सुट्टी. एका वयस्क बाईंना इंजेक्शन हवं होतं. कॅज्युअल्टीतून त्यांना सांगण्यात आलं की हे इथलं काम नव्हे, आरोग्य केंद्रात घ्या. सांगण्याची पद्धत उर्मट होती, अशी तक्रार झाली. ती गेली थेट आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांच्याकडे. मंत्री स्वतः आले, आणि बरोबर कॅमेराही आला.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं आहे. डॉक्टर उभे, मंत्री समोर, भोवती माणसं. जिभेला आवर घालायला शिका, रुग्णांशी नीट वागा, अशी कानउघाडणी, आवाज चढलेला. आणि तिथल्या तिथं निलंबनाचा आदेश.

उर्मटपणाबद्दलची शिक्षा उर्मटपणे दिली गेली, एवढंच म्हणून इथं थांबता आलं असतं. पण त्या शनिवारी रात्री गोव्यातल्या मराठी वर्तमानपत्रांत बातमी लिहायला जो कोणी बसला असेल, त्याच्यापुढं एक वेगळीच अडचण असणार. मंत्री बोलले होते ते बहुतेक इंग्रजीत. इंग्रजीत ‘यू’ म्हणजे तूही आणि तुम्हीही. मराठीत लिहायचं तर ठरवावं लागतं. ‘तू घरी जा’ की ‘तुम्ही घरी जा’? ‘तू’ लिहिलं तर मंत्री गावगुंड वाटतात. ‘तुम्ही’ लिहिलं तर इतका गदारोळ कशासाठी झाला, तेच वाचकाला कळत नाही.

आमच्या गोव्यात हे जरा जास्तच गुंतागुंतीचं आहे. घरात कोंकणी, वाचायला मराठी, आणि रागावायला इंग्रजी. कोंकणीत तर ‘तूं’ सरसकट चालतं. आईला तूं, देवाला तूं, दुकानदारालाही तूं. त्यात अपमान नसतो. अपमान असतो तो स्वरात. म्हणून हा व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला तर दोन माणसं बोलताहेत एवढंच दिसतं. आवाज सुरू केला की कळतं, एकच माणूस बोलतो आहे.

(दृश्य: म्हापसा बाजार, सकाळ. चहाचे ग्लास, पाव-भाजी.)

त्या आठवड्यात बाजारात दोन तऱ्हेची माणसं भेटत होती. एक म्हणत होती, वीस वर्षं शिकून, रात्रपाळ्या करून डॉक्टर व्हायचं आणि मंत्र्याच्या पुढं शाळकरी पोरासारखं उभं राहायचं? दुसरी तऱ्हा जरा दबक्या आवाजात बोलायची, पण ती कमी नव्हती. ‘ताका बरो शिकयलो.’ चांगला धडा दिला त्याला. ही दुसरी तऱ्हा दुष्ट नाही. तिनं सरकारी खिडकीपुढं उभं राहून ‘उद्या या’ ऐकलेलं आहे. मी स्वतः एका कार्यालयात साध्या दाखल्यासाठी चार खेपा घातल्या आहेत, आणि चौथ्या खेपेला मलाही वाटलं होतं की आत्ता कोणीतरी मोठा माणूस यावा आणि ह्या साहेबाला सगळ्यांसमोर झापावं. तसं घडलं असतं तर मी टाळी वाजवली असती का? बहुतेक हो.

रविवारी मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जाहीर केलं की डॉक्टरांचं निलंबन होणार नाही. मंत्र्यांनी माफी मागितली. आपला सूर आणि शब्द चुकले, पण आपण रुग्णाच्या बाजूनं उभे राहिलो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. सोमवारी गोमेकॉच्या आवारात डॉक्टर आणि विद्यार्थी गोळा झाले. विरोधी पक्षांनी मंत्र्यांना काढून टाकण्याची मागणी केली. डॉक्टरांच्या मागण्या होत्या त्या बऱ्याच साध्या होत्या: रुग्णालयात व्हिडिओ काढणं बंद करा, सुरक्षा द्या, बड्या लोकांची वशिलेबाजी थांबवा. आणि एक मागणी मात्र खास.

स्टुडिओत बसून मागितलेली माफी आम्हाला नको. जिथं बोललात तिथं या. कॅज्युअल्टीत.

ही मागणी गोव्याच्या माणसाला समजावून सांगावी लागली नाही. गावात भांडण झालं की मिटवायचं कुठं, तर जिथं झालं तिथं. देवळाच्या मांडावर कोणी कोणाला वेडंवाकडं बोललं, तर घरी जाऊन हळूच ‘चुकलं रे’ म्हणून भागत नाही. ज्यांनी ऐकलं, त्यांच्या देखतच ते धुवावं लागतं.

आंदोलन मिटलं. राजीनामा आला नाही.

(दृश्य: मडगाव. जुनी चित्रफीत, सरकारी कार्यालयाची इमारत.)

पण गोव्यात तो कधी आलाच नाही असंही नाही. त्यासाठी मागं जायला हवं, २००६ च्या जुलै महिन्यात, मडगावच्या वीज खात्याच्या कार्यालयात. तेव्हाचे मंत्री मिकी पाशेको यांनी खात्यातल्या एका कनिष्ठ अभियंत्याच्या थोबाडीत मारली. व्हिडिओ नव्हता. होती ती त्या अभियंत्याची तक्रार, आणि ती मागं न घेण्याचा त्याचा हट्ट.

सरकारी नोकरी करणाऱ्या कोणालाही विचारा, ह्या हट्टाची किंमत काय असते. बदली, चौकशी, ‘जाऊ दे रे, मोठी माणसं आहेत ती’ म्हणणारे सहकारी. २०११ साली मडगावच्या न्यायालयानं एक वर्षाची शिक्षा ठोठावली. सत्र न्यायालयानं ती सहा महिन्यांवर आणली. उच्च न्यायालयानं कायम केली. २०१५ च्या मार्चअखेर सर्वोच्च न्यायालयानंही दाद दिली नाही. एप्रिलमध्ये पाशेकोंनी लक्ष्मीकांत पार्सेकर यांच्या मंत्रिमंडळातून राजीनामा दिला. मग काही आठवडे ते सापडेनातच. जूनमध्ये शरण आले आणि वास्कोजवळच्या सड्याच्या तुरुंगात गेले. एका थपडेचा हिशेब पुरा व्हायला जवळपास नऊ वर्षं लागली.

आता ह्या गोष्टीतला न सांगितला जाणारा भाग. थप्पड २००६ ची. २००७ च्या निवडणुकीत पाशेको बाणावलीतून निवडून आले. २०१२ मध्ये नुवेतून निवडून आले, पुन्हा मंत्रीही झाले. मतदारांना थप्पड माहीत नव्हती असं नाही. सासष्टी तालुक्यात, म्हणजे ह्या दोन्ही मतदारसंघांच्या मुलखात, ती शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. लोकांनी ती मोजली, आणि दुसऱ्या पारड्यात नळाचं पाणी, रस्ता, पोराची नोकरी, मयताला आलेला माणूस असं काय काय टाकलं. दुसरं पारडं जड भरलं.

याचं कारण आकड्यात आहे. गोव्यात ४० आमदार आणि १० लाखांवर मतदार. म्हणजे एका आमदाराच्या वाट्याला सरासरी तीस हजारही येत नाहीत. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरात एवढ्या मतदारांमागं एखादा नगरसेवक असतो. इथं आमदार लग्नाला येतो, बाराव्याला येतो, त्याच्या फोनचा नंबर मासळीवालीकडेही असतो. मंत्रिमंडळ जास्तीत जास्त बारा जणांचं. इतक्या जवळच्या माणसाला ‘राजीनामा दे’ म्हणणं जड जातं. आणि तोच जवळचा माणूस आपल्यासाठी दुसऱ्यावर ओरडला की बरंही वाटतं.

एक जुनी सवयही आहे. भाटकारापुढं, म्हणजे जमीनमालकापुढं, त्याच्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार उभा राहायचा तो मान खाली घालून. मुंडकारांना घरातून हुसकावण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा १९७५ साली आला. भाटकार गेले, म्हणजे जायला हवे होते. पण त्यांची बोलायची ढब कुठंतरी मोकळी फिरत राहिली, आणि तिला बसायला खुर्च्या सापडत गेल्या. हे माझं मत आहे, इतिहासकारांनी मला झोडपायला हरकत नाही.

(दृश्य: त्सुनामीनंतरचा जपानचा किनारा, संग्रहित चित्रण.)

हा आजार गोव्याचाच आहे असं वाटू नये म्हणून एक लांबची गोष्ट. जपान, २०११. मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामी झाली, किनाऱ्यावरची गावंच्या गावं वाहून गेली. २७ जूनला पंतप्रधान नाओतो कान यांनी पुनर्बांधणीसाठी मंत्री नेमला, रयू मात्सुमोतो. ३ जुलैला हे मंत्री आपत्तीग्रस्त प्रांतांत गेले. इवाते प्रांतात म्हणाले, जे डोकं चालवतील त्यांना मदत करू, जे चालवणार नाहीत त्यांना नाही. मग मियागी प्रांतात गेले. तिथले निवडून आलेले गव्हर्नर दोन-चार मिनिटं उशिरा खोलीत आले. मंत्र्यांनी पुढं आलेला हात घेतला नाही. पाहुणा यायचा असेल तर आधी आपण हजर राहावं, मग पाहुण्याला आत बोलवावं, असा धडा कॅमेऱ्यासमोर दिला. वर पत्रकारांना बजावलं की हे छापायचं नाही, जी कंपनी छापेल ती संपली.

एका स्थानिक वाहिनीनं दाखवलं.

टीका उसळली, तेव्हा मंत्र्यांनी खुलासा केला. मी क्युशूचा, रक्तगट माझा ‘बी’, त्यामुळं जरा तापट आहे. जपानात रक्तगटावरून स्वभाव सांगायची पद्धत आहे, जशी आपल्याकडं रास सांगतात. पण ज्यांची माणसं समुद्रानं नेली, त्यांच्यापुढं हे सांगणं! ५ जुलैला राजीनामा. नेमणुकीला दहा दिवसही झाले नव्हते.

लोक चिडले ते हात न मिळवल्याबद्दल, की खटकलं ते दुसरंच काही? मला वाटतं, उघड्यावर पडलेल्या माणसांच्या प्रतिनिधीला ‘पाहुण्याशी कसं वागावं’ हे शिकवणं लोकांना झोंबलं. शिष्टाचाराचा धडा कोण कोणाला देतो आहे, ते त्यांनी पाहिलं. बांबोळीतही नेमकं तेच होतं.

इंग्लंडची कथा आणखी वाकडी. सप्टेंबर २०१२ मध्ये सत्ताधारी पक्षाचे मुख्य प्रतोद अँड्र्यू मिचेल सायकलवरून पंतप्रधानांच्या गल्लीतून बाहेर निघाले होते. पोलिसांनी मोठं फाटक उघडलं नाही, पादचाऱ्यांच्या दारानं जा म्हणाले. मिचेल खवळले. त्यांनी पोलिसांना ‘प्लेब्स’ म्हटलं, असा आरोप झाला. ह्या शब्दाचं मराठी काय करायचं? ‘हलकट’ म्हटलं तर जास्त होतं, ‘सामान्य जन’ म्हटलं तर शिवीच उरत नाही. ‘तुमची लायकी काय’ हा अर्थ मात्र तिथल्या सगळ्यांना पोचला. तो शब्द छातीवर मिरवणारे टी-शर्ट निघाले. शिवी दिल्याचं मिचेलनी कबूल केलं, तो शब्द नाकारला, आणि महिन्याभरात पद सोडलं. पुढं, आपण ते ऐकलं असा खोटा दावा करणाऱ्या एका पोलिसाला तुरुंगवास झाला. आणि तरीही २०१४ मध्ये न्यायाधीशांनी म्हटलं की मिचेल बहुधा तसं बोललेच होते. २०२२ मध्ये ते पुन्हा सरकारात आले.

तिथलेच उपपंतप्रधान डॉमिनिक राब यांनी एप्रिल २०२३ मध्ये पद सोडलं, हाताखालच्यांना धाकदपटशानं वागवल्याच्या चौकशीनंतर. जाता जाता म्हणाले, दादागिरीची व्याख्याच फार खाली आणून ठेवली आहे. राजीनामा दिला, पण चूक कबूल केली का, यावर लोक बराच काळ भांडत राहिले.

(दृश्य: पुन्हा बांबोळी. संध्याकाळ. कॅज्युअल्टीचं दार.)

मंत्र्यानं आमच्यासाठी भांडावं की नाही? भांडावं. दोडामार्गहून भाड्याच्या गाडीनं आलेल्या म्हाताऱ्याला सुट्टीच्या दिवशी कोण बघणार, हा प्रश्न खरा आहे, आणि त्या शनिवारी तो बाजूलाच पडला. सुट्टीला साधं इंजेक्शन कुठं मिळेल, हे दारावर मराठीत, कोंकणीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं, अशी मागणी मी तरी त्या गर्दीत ऐकली नाही. व्हिडिओत मंत्री दिसतात, डॉक्टर दिसतात. ज्यांच्यासाठी हे सगळं झालं, त्या बाई दिसत नाहीत.

(दृश्य: व्हरांडा. बाकावर बसलेली माणसं. आवाज फक्त पावसाचा.)

रात्रपाळी सुरू झाली आहे. एक शिकाऊ डॉक्टर, वय असेल चोवीस-पंचवीस, एका आजोबांच्या हाताला पट्टी गुंडाळतो आहे. आजोबा त्याला विचारतात, ‘रे, तूं खंयचो?’

‘डिचोलीचो.’

‘कोणाचो?’

तो बापाचं नाव सांगतो. आजोबा मान हलवतात, ओळखतात, आणि दुसरा हात पुढं करतात. तिथंही खरचटलेलं आहे.