भरलेला चौकोन

[आवाज: यंत्रमागांची खटखट. पडद्यावर अरुंद गल्ली.]

सोलापूरचा पूर्व भाग. इथं गल्लीत शिरलं की आधी माग ऐकू येतात, माणसं मागाहून भेटतात. घराघरांत तेलुगू, दुकानात मराठी, चार पावलं पुढं गेलं की कन्नड.

याच गल्लीत एक चित्रकार राहतात. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना किती मुलं बसवली, याचा हिशोब त्यांनी ठेवलेला नाही. "चित्रं दाखवा, नाव नको," एवढीच त्यांची अट. म्हणून आपण त्यांना सरच म्हणू.

पहिल्याच दिवशी त्यांच्या निळ्या कॅनव्हाससमोर उभं राहून आम्ही तो प्रश्न विचारला. सर, या चित्रात नेमकं काय आहे?

सर उठले आणि आतून एक पिवळा पडलेला ग्राफ पेपर घेऊन आले.

[दृश्य: ग्राफ पेपरवरचा मोर. कॅमेरा हळूहळू चौकोनांवर.]

हा मोर त्यांच्या वडिलांचा. वडील चादरीची नक्षी काढायचे. आधी पेन्सिलीनं मोर, मग एकेक चौकोन भरायचा. भरलेल्या चौकोनाला पुठ्ठ्याच्या कार्डात भोक, रिकाम्याला नाही. ही कार्डं ओळीनं शिवून मागावरच्या जॅकार्ड नावाच्या यंत्राला लावतात. भोक असेल तिथं सुई आत जाते, हूक वर उचलला जातो, त्याच्याबरोबर ताण्याचा, म्हणजे उभा धागा उठतो आणि खालून बाण्याचा, म्हणजे आडवा धागा निघून जातो. भोक नसेल तिथं ताणा जागचा हलत नाही. फ्रान्समधल्या ल्यों शहरात १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डनं ही युक्ती बसवली. सोलापुरी चादरीवरची नक्षी तिच्याच जोरावर उमटते.

सर सांगतात, "वडिलांच्या कुठल्याही चौकोनावर बोट ठेवा, तो का भरला ते सांगायचे. सांगावंच लागायचं. एक चौकोन चुकला की प्रत्येक मोराला तीच चूक. मी त्या घरात वाढलो. आता माझ्या या निळ्यावर तुम्ही बोट ठेवता. मी काय सांगू? इथं आधी पिवळा होता. आठवडाभर तो डोळ्यांत खुपत राहिला. म्हणून खरवडला."

त्या दिवशी मला हे उत्तर अपुरं वाटलं. पुढं संकलन करताना तोच तुकडा कितीदा तरी ऐकला, तेव्हा लक्षात आलं की सरांनी काहीच लपवलेलं नव्हतं. चित्र कसं होत गेलं, ते त्यांना ठाऊक आहे आणि तेवढंच ते सांगतात. त्यापुढचा अर्थ आधी ठरवून ठेवला आणि मग रंगवला, असं कधी झालंच नाही.

[दृश्य: सिद्धेश्वर तलाव, सकाळ.]

सर रोज इथं येऊन बसतात. कॅनव्हासवरचा निळा इथलाच का? "इथं बसून सुचला," म्हणतात. "तलाव आहे" असं म्हणत नाहीत.

याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात चित्रकार मकबूल फिदा हुसेन जन्मले. त्यांच्या घोड्यांबद्दल सर फार प्रेमानं बोलतात, पण एक खंतही आहे. "घोडा ओळखला की माणसं पुढच्या चित्राकडं सरकतात. त्या रेषेचा वेग बघायचा राहूनच जातो." नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रांत ओळखण्यासारखं काही सापडत नाही, बहुतेकांना शीर्षकसुद्धा नाही. तिथं थांबावंच लागतं. सरांना ते थांबणं हवं असतं.

[दृश्य: पुन्हा ग्राफ पेपर. मोराची मान.]

आम्ही विचारलं, चौकोनांचं कळलं, पण मान अशीच का वळली? मोर तर कसाही काढता आला असता.

सर त्या मानेवरून बोट फिरवत राहिले. "हे मी त्यांना कधी विचारलं नाही," म्हणाले. त्यानंतर बराच वेळ फक्त मागांचा आवाज आहे. तो आम्ही कापलेला नाही.

[दृश्य: सरांची खोली, संध्याकाळ.]

शेवटच्या दिवशी शेजारच्या कारखान्यातले एक विणकर पाळी संपवून आले. हातावर कापसाची बारीक लव तशीच. कॅनव्हाससमोर उभे राहिले, जवळ गेले, मागं आले. मग त्या निळ्याच्या कडेकडं हात करून म्हणाले, "सर, हितं ताण सैल सोडलाय की."

सर पटकन खुर्चीतून उठले. "हो. तिथंच. आणि इकडं बघा, इकडं?"

[दोघं पाठमोरे, चित्रासमोर. मागांचा आवाज चालूच.]