कॅबिनेटमध्ये रंगीत एलईडी आणि स्विच: वायरिंग करा पॅनल वायरमनसारखं

नमस्कार मंडळी, नाशिकहून.

आज आपल्याला कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये सुटे एलईडी आणि स्विच बसवायचे आहेत. तयार आरजीबी (लाल-हिरव्या-निळ्या एलईडींची) स्ट्रिप आणली आणि मदरबोर्डच्या हेडरला खोचली, तो आजचा विषय नाही. आपल्याला हवा तो रंग, हवा त्या जागी आणि आपल्याच स्विचवर पेटला पाहिजे.

हे काम शिकायला आदर्श आपल्या गावातच आहे. नाशिकच्या सातपूर, अंबड औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनल, म्हणजे मशीन चालवणाऱ्या स्विच-वायरिंगच्या पेट्या बनतात. कुठल्याही चांगल्या पॅनलचं दार उघडून बघा. प्रत्येक वायरच्या टोकाला नंबर असतो आणि तोच नंबर ड्रॉइंगवर सापडतो. ज्याने ते पॅनल कधी पाहिलंही नाही, तो वायरमनसुद्धा येऊन फॉल्ट शोधू शकतो. कॅबिनेट लहान आहे म्हणून ही शिस्त सोडायची नाही. म्हणून सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी कागद घ्या आणि सर्किट काढा.

(कॅमेरा एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या, मोलेक्स कनेक्टरवर)

हा चार पिनांचा मोलेक्स. पिवळी वायर 12 व्होल्ट, लाल 5 व्होल्ट, मधल्या दोन काळ्या ग्राउंड. बऱ्याच नव्या एसएमपीएसच्या सगळ्याच वायर काळ्या असतात, तिथे रंगावर जाऊ नका, मल्टिमीटर लावून खात्री करा. एसएमपीएसची स्वतःची वायर कापायची नाही. मोलेक्सचं एक्स्टेन्शन आणा आणि जे काही कापायचं ते त्यावर. मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणारा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीची केबल त्यात लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या पिना वेगळ्या असू शकतात.

आता रेझिस्टर, म्हणजे एलईडीच्या वायरमध्ये जोडायचा, करंट आवरणारा छोटा भाग. इथे जरा थांबूया, कारण सगळी गडबड इथेच होते.

एलईडी स्वतःहून करंट आवरत नाही. त्याच्या गरजेपेक्षा व्होल्टेज थोडं जरी वाढलं तरी करंट झपाट्याने वाढतो आणि तो जळतो. त्यातून प्रत्येक रंगाची गरज वेगळी. लाल आणि पिवळ्याला साधारण 2 व्होल्ट लागतात, निळ्या आणि पांढऱ्याला 3 च्या थोडं वर. हिरव्यात दोन जाती आहेत: जुना पोपटी हिरवा 2 च्या आसपास, नवा गडद हिरवा 3 च्या आसपास. निळ्या प्रकाशाची ऊर्जा लाल प्रकाशापेक्षा जास्त, म्हणून त्याला व्होल्टेजही जास्त लागतं. लाल एलईडी 1962 मध्येच आला होता, पण भरपूर प्रकाश देणारा निळा यायला 1993 उजाडलं. त्या निळ्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमच्या कॅबिनेटमधला तो छोटा निळा ठिपका एवढ्या मेहनतीचा आहे, त्याला रेझिस्टर न लावता जाळू नका.

हिशोब सोपा आहे. सप्लायच्या व्होल्टेजमधून एलईडीचं व्होल्टेज वजा करा आणि उरलेल्याला करंटने भागा. 12 व्होल्टवर लाल: 12 वजा 2, उरले 10. करंट 15 मिलीअँपिअर धरला तर 667 ओहम येतात. बाजारात 680 मिळतो, तो घ्या. निळ्याला 3.2 व्होल्ट धरले तर 587 येतात, 680 त्यालाही चालतो. कमाल करंट 20 मिलीअँपिअर असतो म्हणून तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही. टेबलावर रात्री काम करणाऱ्याच्या डोळ्यात निळा एलईडी 5 मिलीअँपिअरलाही टोचतो. माझं मत विचाराल तर पॉवरचा निळा एलईडी 3.3 किलो-ओहमवरच लावा, छान मंद दिसतो.

तीन निळे एका ओळीत सीरिजमध्ये जोडले तर ते मिळून 9.6 व्होल्ट घेतात, उरलेल्या 2.4 ला 180 ओहम पुरतो. पण पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडत असाल तर प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर द्या. एकाच रेझिस्टरवर लाल आणि निळा पॅरलल लावला, तर सगळा करंट लाल खाऊन टाकतो आणि निळा पेटतच नाही.

(क्लोज-अप: एलईडी)

लांब पाय प्लस. पाय कापलेले असतील तर कडेची सपाट बाजू बघा, तो मायनस. मीटरच्या डायोड मोडवर लाल पेटतो, पण साध्या मीटरवर निळा पेटत नाही. म्हणून तो खराब आहे असं समजून फेकू नका.

आता स्विच, माझा सगळ्यात आवडता भाग. तीन पायांचा, तीन पोझिशनचा टॉगल घ्या, मधे ऑफ असलेला. मधल्या पायावर एलईडीची प्लस वायर, एका बाजूला पिवळी, दुसऱ्या बाजूला लाल. 680 ओहमचा निळा 12 व्होल्टवर साधारण 13 मिलीअँपिअर घेतो, 5 व्होल्टवर अडीचच्या आसपास. म्हणजे एकाच दांड्यावर दिवसाचा उजेड, रात्रीचा उजेड आणि बंद. मधली ऑफ पोझिशन हवीच, त्यामुळे 12 आणि 5 एकमेकांना कधीच भिडत नाहीत. ही युक्ती सुट्या एलईडीसाठी आहे. सीरिजमधले तीन निळे किंवा 12 व्होल्टची स्ट्रिप 5 वर पेटणार नाही.

कॉम्प्युटर चालू करायचा पॉवर स्विच मात्र वेगळ्या जातीचा. तो दाबला की जुळला आणि सोडला की सुटला, असाच हवा. त्या जागी दाबून बसणारा स्विच लावला, तर मदरबोर्डला वाटतं तुम्ही बटण दाबूनच धरलंय, आणि साधारण चार सेकंदांत मशीन बंद होतं. त्याच्या दोन वायरींना प्लस-मायनस नसतो. पॉवर एलईडी आणि हार्डडिस्क एलईडीला असतो.

अंबडच्या एखाद्या शीट मेटलच्या वर्कशॉपमधून 16 मिलिमीटरचं भोक पाडून घेतलंत, तर त्याची धार घासून रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं कडं, बसवा. कॅबिनेटचा पत्रा ग्राउंडला असतो. धारेने पिवळ्या वायरचं इन्सुलेशन कापलं गेलं की सरळ शॉर्ट. एसएमपीएसला शॉर्ट प्रोटेक्शन असतं, पण 12 व्होल्टच्या लाइनमधून कितीतरी अँपिअर निघू शकतात, आणि तुमची बारीक वायर त्याआधी तापून वितळू शकते. म्हणून कनेक्टरच्या अगदी जवळ, 12 व्होल्टच्या आणि 5 व्होल्टच्या वायरवर वेगवेगळा 500 मिलीअँपिअरचा फ्यूज टाका. डझनभर सुटे एलईडी 15 मिलीअँपिअरने धरले तरी 180 च होतात, फ्यूजला भरपूर वाव आहे.

(कॅमेरा वायरच्या टोकावर)

सोल्डर करण्याआधी हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) वायरवर सरकवून ठेवा, आणि त्याच वेळी नंबराचे छल्लेही ओवा. 101 पिवळी, 102 लाल, 103 स्विचपासून एलईडीपर्यंत. जोड चमकदार आणि गुळगुळीत दिसला पाहिजे. मळकट, गोळ्यासारखा दिसला तर पुन्हा तापवा.

टेस्टिंग मदरबोर्ड जोडायच्या आधी करा. भिंतीतला मुख्य प्लग काढून, मीटर बीपच्या मोडवर ठेवून 101 आणि काळी यांच्यामध्ये लावा, मग 102 आणि काळीमध्ये. स्विच तिन्ही पोझिशनला फिरवा. कुठेही बीप आला तर तिथेच थांबा. बीप नाही आला की मदरबोर्डला जाणाऱ्या 24 पिनांच्या कनेक्टरची हिरव्या वायरची आणि काळ्या वायरची पिन (सगळ्याच वायर काळ्या असतील तर एसएमपीएसच्या माहितीपत्रकावरून पीएस-ऑन आणि ग्राउंड पिन शोधून) वायरच्या तुकड्याने जोडा आणि मग प्लग लावून चालू करा. एसएमपीएस मदरबोर्डशिवाय चालू होतो. अर्धा तास तसंच चालू ठेवा. पाव वॅटचा 680 ओहम रेझिस्टर हाताला कोमट लागेल, ते बरोबर आहे. बोट ठेववत नसेल तर प्लग काढा आणि त्या रेझिस्टरचे रंगपट्टे पुन्हा वाचा: 680 म्हणजे निळा, करडा, तपकिरी.