फिरता कॅमेरा आणि त्याची गस्त

श्रोतेहो, नमस्कार.

रिमोटवर फिरणारा सुरक्षा कॅमेरा विकताना "हा चौफेर बघतो" असं सांगितलं जातं. बघतो खरा, पण एका वेळी एकाच दिशेला. तो फाटकाकडं बघत असतो तेव्हा मागच्या दाराकडं त्याची पाठ असते. म्हणून त्यानं कुठं आणि किती वेळ बघायचं, ते आपणच ठरवून द्यावं लागतं.

सुरुवात प्रीसेटपासून. कॅमेरा किती वळलाय, किती झुकलाय आणि झूम किती आहे, या तिन्ही गोष्टी एका क्रमांकाखाली साठवल्या की झाला प्रीसेट. जॉयस्टिकनं किंवा फोनवरच्या बाणांनी कॅमेरा हव्या त्या जागी न्या, कुणाला तरी तिथं उभं करा, चेहरा ओळखू येतोय ना ते बघा आणि मगच सेव्ह करा. रात्रीही एकदा तपासा. जवळ भिंत असली तर कॅमेऱ्याचाच इन्फ्रारेड प्रकाश तिच्यावरून परततो आणि चित्र पांढरंफटक पडतं. क्रमांक शक्यतो एकपासून द्या. वरचे काही क्रमांक कंपन्यांनी स्वतःच्या कामांसाठी राखलेले असतात. अनेक कॅमेऱ्यांत 95 नंबर मागितला की जागा दिसायच्या ऐवजी सेटिंगचा मेनूच उघडतो! आणि सोय असेल तर क्रमांकासोबत "मुख्य फाटक" असं नावही द्या.

आता गस्त, म्हणजे टूर. एकामागून एक प्रीसेट, प्रत्येकावर थांबायचा वेळ आणि मधल्या हालचालीचा वेग, एवढंच त्यात भरायचं असतं. इथं हौस आवरा. समजा आठ जागा घेतल्या, प्रत्येकीवर दहा सेकंद थांबा आणि पुढं सरकायला दोन सेकंद. म्हणजे एक फेरी 96 सेकंदांची. फाटक सोडलं की कॅमेरा तिथं परतणार 86 सेकंदांनी. तेवढ्या वेळात माणूस आत शिरून दिसेनासाही होतो. त्यापेक्षा तीनच जागा घ्या आणि महत्त्वाची जागा यादीत पुन्हा पुन्हा घाला: फाटक, वाहनतळ, फाटक, मागचं दार. आता फाटकावरून नजर हटते ती दर वेळी फक्त 14 सेकंद. एकच प्रीसेट यादीत दोनदा घालता येतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

दोन टोकांमध्ये सतत घुमत राहायचीही सोय असते, ऑटो स्कॅन. पाहुण्यांवर छाप पाडायला ती छान! पण अंधारात शटर जास्त वेळ उघडं राहतं, त्यामुळं फिरता फिरता घेतलेलं चित्र पुसट येतं. शिवाय कॅमेरा स्वतःच हलत असला की समोरचं सगळंच हलताना दिसतं, मग हालचाल ओळखून इशारा देण्याची सोय निरुपयोगी ठरते. रेकॉर्डिंगही जास्त जागा खातं, कारण चित्रातला बदललेला भागच साठवून जागा वाचवायची असते आणि इथं तर सगळंच बदलत असतं. मोटार झिजते ती वेगळीच. जी जागा क्षणभरही नजरेआड होऊन चालणार नाही, तिथं माझ्या मते साधा, न फिरणारा कॅमेरा लावावा.

सगळ्यात जास्त राहून जाते ती "पार्क"ची सेटिंग, म्हणजे कॅमेरा कुणी हाताळत नसताना त्यानं काय करायचं ते. कुणीतरी जॉयस्टिकनं कॅमेरा आकाशाकडं वळवतं आणि चहाला निघून जातं. मग तो तसाच आकाश न्याहाळत बसतो. साठ सेकंद कुणी हात लावला नाही तर परत गस्तीला लाग, एवढं त्याला सांगून ठेवता येतं. वीज गेल्यावर काय होतं तेही मुद्दाम वीज बंद करून बघा. पुन्हा सुरू झाल्यावर कॅमेरा स्वतःभोवती फिरून आपली दिशा पडताळतो, पण त्यानंतर गस्त आपोआप सुरू होईलच असं नाही.

काच पुसताना धक्का लागला किंवा खांब वाऱ्यानं किंचित वळला, तर साठवलेल्या जागा सरकतात. तेव्हा कॅमेरा नीट रोखून त्याच क्रमांकावर पुन्हा सेव्ह करा. गस्तीच्या यादीत फक्त क्रमांक असतात, त्यामुळं ती नव्यानं भरावी लागत नाही.

नमस्कार.