आवरणाची झोळी होते तेव्हा

(छत्रपती संभाजीनगर येथे लघुउद्योजक आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो,

सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या आडत बाजारात आपण कधी थोडा वेळ उभे राहिला असाल, तर एक गोष्ट आपल्या नजरेस पडली असेल. पोते उचलणारा हमाल ते कुठेही धरत नाही. शिवलेल्या तोंडाच्या दोन्ही टोकांना सुतळीने आवळून काढलेले जे कान असतात, तेच त्याचा हात शोधतो. आणि कान हाताशी येत नसतील तर तो आपला लोखंडी आकडा तागात रुतवून घेतो. म्हणजे धरण्याची जागा एक तर पोते शिवणाऱ्याने दिलेली असते, नाही तर उचलणारा ती स्वतःबरोबर घेऊन येतो. तागाचे पोते आकडा सहन करते, कारण त्याच्या विणीतले धागे बाजूला सरकतात आणि आकडा निघाला की पुन्हा जवळ येतात. प्लॅस्टिकच्या आवरणात बांधलेल्या मालाला मात्र कानही नसतात आणि आकडाही चालत नाही. आजचे माझे सगळे बोलणे या अडचणीविषयी आणि तिच्यावर उपाय म्हणून अशा मालाला वरून लावल्या जाणाऱ्या हँडलविषयी आहे.

लग्नाच्या मांडवात किंवा किराणा दुकानासमोर उतरणारा पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स घ्या. त्याला आपण बॉक्स म्हणतो, पण त्यात पुठ्ठा नसतो. एक लिटरच्या बारा बाटल्या आणि त्यांना घट्ट आवळून धरणारी पारदर्शक फिल्म, एवढेच ते असते. वजन बारा किलोच्या थोडे वर. उचलणारा मुलगा काय करतो, तर बाटल्यांच्या मानेजवळ फिल्ममध्ये बोटे खुपसतो, भोक पाडतो आणि त्या भोकाला धरून बॉक्स उचलतो. पहिल्या खेपेला ते जमते. जिना चढताना भोक वाढत जाते आणि तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत दोन बाटल्या खाली आलेल्या असतात. दोष त्या मुलाला दिला जातो. माझ्या मते तो निर्दोष आहे. त्याला धरायला जागाच दिलेली नव्हती, म्हणून त्याने ती तयार केली.

मराठवाड्याला पाण्याचे वजन वेगळे सांगायला नको. मिरजेहून निघालेली रेल्वे दहा टाक्यांमध्ये पाच लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली, तेव्हा त्या पाण्याचा शेवटचा प्रवास घागरी, हंडे आणि कळश्यांमधून, बहुतेक ठिकाणी बायकांच्या कमरेवरून आणि डोक्यावरूनच झाला. कळशीकडे नीट पाहा. तिची आवळलेली मान आणि बाहेर वळलेला काठ बोटांसाठी आहे, पोटाचा फुगीर भाग कमरेच्या बाकावर टेकण्यासाठी आहे, आणि डोक्यावर ठेवायची झाली तर मध्ये चुंबळ आहे. ते भांडे घडवणाऱ्याला ते कोण आणि कसे उचलणार हे ठाऊक होते. पाण्याची बाटली घडवणाऱ्यालाही ते थोडेफार ठाऊक असते. बारा बाटल्या एकत्र बांधणाऱ्याच्या मनात मात्र बहुधा टेम्पो असतो, माणूस नसतो.

आता आवरणाचे काम कसे चालते ते पाहू. ही फिल्म पॉलिथिलीनची असते. कारखान्यात ती गरम असतानाच फुगवून ताणली जाते आणि त्या ताणलेल्या अवस्थेतच थंड केली जाते, त्यामुळे ताण तिच्या आत अडकून राहतो. बाटल्यांभोवती गुंडाळून तिला गरम हवेच्या बोगद्यातून, म्हणजे आपण ज्याला टनेल म्हणतो त्यातून, नेले की अडकलेला ताण मोकळा होतो आणि फिल्म आक्रसून बाटल्यांना मिठी मारते. फिल्मचे दोन्ही काठ तळाशी एकमेकांवर येऊन उष्णतेने चिकटतात आणि दोन बाजूंना गोल उघडी भोके राहतात. बांधून ठेवणे, एवढेच त्या फिल्मचे काम ठरलेले असते. खालून आधार मिळाला, तर ते काम ती उत्तम करते.

वरून हँडल लावले की हे सगळे बदलते, आणि बहुतेक चुका हा बदल लक्षात न घेतल्यामुळे होतात. हँडल म्हणजे साधारणपणे अडीच ते चार सेंटिमीटर रुंदीची चिकटपट्टी असते. तिच्या मधल्या भागाखाली कागद किंवा फोम लावून डिंक झाकलेला असतो, आणि दोन्ही टोके बॉक्सच्या समोरासमोरच्या बाजूंवर चिकटवलेली असतात. आपण मधला भाग धरून उचलतो, तेव्हा बारा किलोचा भार पट्टीतून डिंकात, डिंकातून फिल्मच्या बाजूंवर, बाजूंवरून तळाखाली आणि तळाच्या जोडावर जातो. बाटल्या आता फिल्मच्या आत टांगलेल्या असतात. जे आवरण होते त्याची झोळी झालेली असते. म्हणून तळाचा जोड कच्चा असेल, तर हँडल शाबूत राहते आणि बाटल्या खालून निसटतात. लोक हँडलला नावे ठेवतात, पण उसवलेली असते ती झोळी. यावरून आणखी एक गोष्ट निघते. पट्टीची टोके नेहमी फिल्म अखंड असलेल्या बाजूंवर यावीत, गोल भोक असलेल्या बाजूंवर येऊ नयेत, कारण भोकाच्या काठावर भार आला की फिल्म तिथूनच फाटायला सुरुवात होते.

पट्टी किती सैल ठेवावी, या प्रश्नावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. देखणे दिसावे म्हणून पुष्कळ जण ती बॉक्सवर ताणून बसवतात. अंगणात दोरीवर ओली वाकळ वाळत घालणाऱ्या कोणत्याही घरात याचे उत्तर मिळेल: दोरी जितकी ताठ, तितका खुंटीवर ओढा जास्त. हिशोब सोपा आहे. पट्टीचा प्रत्येक पाय आडव्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करत असेल, तर बारा किलोच्या बॉक्ससाठी प्रत्येक पायावर सुमारे साडेआठ किलोचा ओढा येतो; कोन ३० अंश झाला तर तो बारा किलो होतो; आणि पट्टी इतकी ताठ असेल की कोन जेमतेम १० अंश उरतो, तर ओढा प्रत्येकी सुमारे साडेचौतीस किलोवर जातो. वजन तेच, बाटल्या त्याच. फक्त बोटभर ढील न दिल्यामुळे डिंकाला जवळजवळ तिप्पट काम पडले. त्यात माणूस बॉक्स हळूच उचलत नाही, झटक्याने उचलतो, आणि त्या झटक्यात हे आकडे आणखी वाढतात.

ढिलीचा दुसरा उपयोग हाताला होतो. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेने, म्हणजे नायोशने, ओझे उचलण्याचे जे सूत्र १९९१ मध्ये सुधारून मांडले, त्यात आदर्श परिस्थितीत २३ किलोची मर्यादा धरली आहे आणि प्रत्येक प्रतिकूल गोष्टीसाठी ती कमी करत नेली आहे. पकड वाईट असेल तर ही मर्यादा १० टक्क्यांनी खाली येते. चांगल्या मुठीची मापेही तिथे दिली आहेत: लांबी किमान साडेअकरा सेंटिमीटर, हातासाठी मोकळी जागा पाच सेंटिमीटर, जाडी सुमारे दोन ते चार सेंटिमीटरच्या दरम्यान. चिकटपट्टीचे हँडल जाडीच्या या मापात बसणे शक्य नाही. पण हाताची चार बोटे आत जातील एवढी लांबी आणि ढील देणे आपल्या हातात आहे.

रुंदीचेही तसेच आहे. अडीच सेंटिमीटरची पट्टी तळहातावर आठ सेंटिमीटर लांबीपर्यंत सपाट टेकली, तर वीस चौरस सेंटिमीटरवर बारा किलो पसरतात, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ६०० ग्रॅम येतात. तीच पट्टी गोळा होऊन अर्ध्या सेंटिमीटरची दोरी झाली, तर दाब तीन किलोवर जातो. बादलीच्या कडीवरची प्लॅस्टिकची नळी हरवली की घरातली बाई तिथे चिंधी गुंडाळते, ती याच कारणाने. म्हणून मधला कागद किंवा फोम नुसता डिंक झाकण्यापुरता नसावा, पट्टीला गोळा होऊ न देण्याइतका ताठ असावा. पैसे वाचवण्यासाठी इथे सर्वात पातळ कागद वापरला जातो, आणि त्याचा वळ उचलणाऱ्याच्या बोटांवर उमटतो. हे मला मनापासून चुकीचे वाटते.

आता डिंकाविषयी. चिकटपट्टी पृष्ठभागाला समांतर ओढली तर फार मोठा भार घेते. टोकाकडून उचकटली तर सहज सुटते. घरी भिंतीवरचा कागद काढताना आपण हे सगळेच करतो. म्हणून टोके बॉक्सच्या बाजूंवर पुरेशी खालपर्यंत उतरलेली हवीत, म्हणजे ओढा त्या बाजूने सरळ वर जाईल. टोके काठाजवळच संपली तर ओढा उचकटण्याचे काम करतो.

मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत वेष्टनाच्या कामात बरीच वर्षे घालवली. तिथे पाहिलेला एक प्रसंग सांगतो. कारखान्याचे नाव महत्त्वाचे नाही. जानेवारीत हँडलची चाचणी घेतली, सगळे बॉक्स पास झाले. मे महिन्यात, दुपारी, बंद टेम्पोतून माल उतरवताना हँडले हातात येऊ लागली. पहिला संशय पट्टी लावणाऱ्या कामगारांवर घेतला गेला. आम्ही सुटलेल्या पट्ट्या नीट पाहिल्या, तर डिंक अर्धा पट्टीवर आणि अर्धा फिल्मवर राहिलेला होता, चिकट धाग्यांसारखा. याचा अर्थ डिंक फिल्मला धरून होता, पण उष्णतेने मऊ होऊन स्वतःच मधून फाटला होता. रबराचा गरम करून लावलेला डिंक पटकन चिकटतो, पण उन्हाळ्यात ढिला पडतो; ॲक्रिलिकचा डिंक उष्णता जास्त सोसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि बंद टेम्पोत तो त्याहूनही वर असतो, हे पुरवठादाराला सांगण्याची जबाबदारी आपली होती.

याउलट पट्टी स्वच्छ निघाली आणि फिल्मवर डिंकाचा मागमूसही राहिला नाही, तर दोष पृष्ठभागाचा असतो. पॉलिथिलीनवर मुळात काही सहजासहजी चिकटत नाही; शिवाय फिल्म मशीनवर सरकावी म्हणून तिच्यात मिसळलेला घसरता पदार्थ साठवणुकीत हळूहळू वर येतो आणि त्याचा अदृश्य थर जमतो. फिल्म कशी आहे हे पाहण्याची घरगुती युक्ती म्हणजे पाण्याचा थेंब: तो अळूच्या पानावरच्यासारखा गोळा होऊन राहिला, तर डिंकालाही तिथे जागा मिळणार नाही, पसरला, तर आशा आहे. नीट मोजून घ्यायचे असेल, तर आपल्या शहरात चिकलठाण्याला सिपेटचे, म्हणजे प्लॅस्टिक तंत्रज्ञानाच्या केंद्र सरकारी संस्थेचे, केंद्र आहे.

लहान कारखान्यात पट्टी हातानेच लावली जाते, आणि त्यात काही कमीपणा नाही. फक्त टनेलमधून निघालेला बॉक्स थंड होऊ द्यावा, कारण गरम फिल्म अजून आक्रसत असते आणि तिच्यावर लावलेल्या पट्टीला सुरकुत्या पडतात. धूळ आणि ओल पुसून घ्यावी. टोकांवर रबरी रोलर जोर देऊन फिरवावा, कारण हा डिंक दाबानेच धरतो, आणि पुढचे काही तास त्याची पकड वाढत जाते. म्हणून लावल्यावर लगेच ओढून पाहणे ही चाचणी नव्हे. बॉक्स एक दिवस ठेवून मग हँडलला धरून खुंटीला टांगावा, आणि उन्हाळ्याचा माल असेल तर उन्हात टांगावा.

कायद्याचा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, मग हँडल लावलेला बॉक्स कॅरीबॅग ठरतो का? २०१६ च्या केंद्रीय नियमांतील व्याख्येनुसार स्वतःच वाहून नेण्याची सोय असलेली पिशवी ती कॅरीबॅग. परंतु वापरापूर्वी माल ज्यात सीलबंद केलेला असतो, त्या वेष्टनाचाच भाग असलेली पिशवी तीत येत नाही. सीलबंद बॉक्सवरचे हँडल या दुसऱ्या बाजूला पडते. तरीही कायद्यातून सुटलो म्हणजे प्रश्न सुटला असे मी मानत नाही. फिल्म पॉलिथिलीनची, पट्टी बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची, मधे कागद, वर डिंक. ही भेसळ भंगारात गेल्यावर फिल्मचा पुनर्वापर बिघडवते. पॉलिथिलीनचीच पट्टी मिळत असेल तर ती थोडी महाग पडली तरी घ्यावी.

आणि कधी कधी हँडलपेक्षा बाटल्यांची संख्या बदलणे बरे. बाराऐवजी सहा बाटल्या बांधल्या, तर वर मांडलेला प्रत्येक हिशोब निम्म्यावर येतो, शाळकरी मुलालाही एका हातात बॉक्स नेता येतो, आणि दुसऱ्या हाताने त्याला जिन्याचा कठडा धरता येतो. फिल्म थोडी जास्त लागते, हे खरे आहे.

इथे टेबलावर मी दोन बॉक्स आणून ठेवले आहेत. दोन्हींत बारा बाटल्या आहेत, फिल्म एकाच रोलची आहे, पट्टीही एकाच रोलची आहे. डावीकडच्या बॉक्सची पट्टी ताणून लावली आहे, उजवीकडच्याला चार बोटांची ढील आहे. कृपया एकेक जण पुढे या, दोन्ही उचला, या दारापर्यंत नेऊन परत आणा, आणि मग आपला तळहात पाहा. प्रश्न त्यानंतर घेऊ.