कोळसा उगाळावा तितका…

पांढऱ्या भिंतीवर एक माणूस. धड आहे, हातपाय आहेत, पण डोकं नाही. त्या जागी खाणकामगाराचा दिवा. अशी माणसं चित्रकार प्रभाकर पाचपुते यांच्या भिंतींवर वारंवार भेटतात. रंगवलेली नव्हेत, कोळशानं काढलेली.

पाचपुते मूळचे चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे, जन्म १९८६चा. घरातल्या तीन पिढ्या कोळसा खाणीत. या पट्ट्यात वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीच्या, खुल्या खाणी आहेत. आधी वरची माती निघते, तिचे डोंगर रचले जातात आणि कालचं शेत आज ओळखू येत नाही. पाचपुते शिकले शिल्पकला, खैरागडला आणि मग बडोद्याला. हातात धरली ती मात्र कोळशाची कांडी.

आता, खाणीतला तो दगडी कोळसा आणि चित्रातला लाकडी. एक कोट्यवधी वर्षं जमिनीत दबलेल्या झाडांचा, दुसरा हवा कोंडून जाळलेल्या काडीचा. मराठीनं दोघांना एकच नाव दिलंय, आणि ते बरंच केलंय.

जवळ जाऊन बघा. ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ असं आपण म्हणतो. इथे तोच कोळसा तळव्यानं पुसला की राखी होतो, चिंधीनं झटकला की धुरळा होतो. कुठे नुसतं बोट फिरल्याचा माग उरलाय. तेलरंगात हे चित्र अधिक देखणं झालं असतं कदाचित. मला ते परकं वाटलं असतं.

२०१२मध्ये मुंबईत, क्लार्क हाउस इनिशिएटिव्हमध्ये त्यांचं एकल प्रदर्शन झालं, ‘कॅनरी इन अ कोलमाइन’. कॅनरी म्हणजे पिंजऱ्यात घालून खाणीत नेला जाणारा इवलासा पक्षी. विषारी वायू साठला की माणसाआधी तो कोसळायचा. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी काढून घ्यायचं ठरलं तेही १९८६मध्येच. योगायोग, दुसरं काय!

पुढे २०२१मध्ये वेल्सचा, म्हणजे कोळशाच्याच मुलखातला, ‘आर्टेस मुंडी’ पुरस्कार सहा कलाकारांना मिळून दिला गेला. त्यांत पाचपुते होते.

भिंतीवरचं असं चित्र विकत घेऊन घरी नेता येत नाही. प्रदर्शन उतरलं की पांढऱ्या रंगाचा रोलर येतो. पहिल्या हातात भिंत पांढरी होत नाही. कोळसा रंगात कालवला जातो, आणि दिवा, खांदे, हात, सगळं राखाडी होऊन भिंतभर पसरतं.