वेळापत्रकाचा जनरल: विल्हेल्म ग्रोनर

ऑगस्ट १९१४. कोलोनचा होहेनझोलर्न पूल. दर दहा मिनिटांनी चोपन्न डब्यांची एक लष्करी गाडी ऱ्हाइन ओलांडते आहे. २ ते १८ ऑगस्ट या काळात एकट्या या पुलावरून सुमारे २,१५० गाड्या गेल्या. एक कोअर (दोन-तीन डिव्हिजनचं दल) हलवायला १४० गाड्या, ६,०१० डबे आणि वाघिणी. रसदीला आणखी तेवढ्याच गाड्या. ही सगळी आखणी जर्मन जनरल स्टाफच्या (सेनेच्या नियोजन मंडळाच्या) रेल्वे विभागाची, आणि विभागप्रमुख विल्हेल्म ग्रोनर. वुर्टेमबर्गचा, रेजिमेंटच्या पगार-अधिकाऱ्याचा मुलगा. प्रशियन सरदारांच्या पंगतीत तसा उपराच.

सरहद्दीपर्यंत सगळं घड्याळाबरहुकूम झालं. पुढे बेल्जियन सैन्यानं माघार घेताना पूल आणि बोगदे उडवले होते. रूळ दुरुस्त होईपर्यंत पायदळ पुढे निघून जाई. फ्रान्समध्ये मार्न नदीपाशी जनरल क्लुकची पहिली आर्मी शेवटच्या चालू स्टेशनपासून शंभरावर किलोमीटर दूर होती. मधली वाहतूक घोडागाड्या आणि बिघडत चाललेल्या ट्रकांवर.

१९१६ मध्ये युद्ध-उत्पादनाची सूत्रं ग्रोनरकडे आली. कामगार संघटनांशी त्याचं जमलं, पण कारखानदारांच्या नफ्याला लगाम घाला म्हणताच ऑगस्ट १९१७ मध्ये उचलबांगडी झाली. त्या काळात सोशल डेमोक्रॅट नेता एबर्टशी झालेली ओळख मात्र पुढे कामी आली.

ऑक्टोबर १९१८. सैन्याचा प्रत्यक्ष सूत्रधार लुडेनडॉर्फ गेला, त्याच्या खुर्चीत ग्रोनर. ९ नोव्हेंबरला बेल्जियममधल्या स्पा इथल्या मुख्यालयात त्यानं कैसरला (जर्मन सम्राटाला) तोंडावर सांगितलं: सैन्य शिस्तीत घरी जाईल, पण स्वतःच्या सेनापतींच्या हुकमाखाली, महाराजांच्या नाही.

आता शस्त्रसंधीच्या अटी बघा. फ्रान्स आणि बेल्जियम १५ दिवसांत रिकामे करायचे, ऱ्हाइनचा डावा काठ ३१ दिवसांत. मागे राहील तो युद्धकैदी. वर ५,००० इंजिनं आणि दीड लाख वाघिणी शत्रूच्या हवाली. म्हणजे गाड्या द्यायच्या आणि माणसं पायी आणायची! हे अधिकाऱ्यांशिवाय होणार नाही, हे क्रांतीनंतर चान्सलर झालेल्या एबर्टला कळत होतं. १० नोव्हेंबरच्या रात्री फोनवर त्याचा आणि ग्रोनरचा तोंडी सौदा झाला: सैन्य सरकारच्या पाठीशी, सरकारनं अधिकाऱ्यांचा अधिकार राखायचा. माघार पार पडली. पण डिसेंबरात क्रांतीनं पेटलेलं बर्लिन ताब्यात घ्यायला आणलेल्या दहा डिव्हिजन बघता बघता विरघळल्या. नाताळ तोंडावर आला होता, शिपायांनी सरळ घर गाठलं.

पुढे तो वाहतूकमंत्री झाला, १९२८ पासून संरक्षणमंत्री, १९३१ मध्ये गृहखातंही. १३ एप्रिल १९३२ ला ग्रोनरच्या पुढाकारानं हिटलरच्या एसएवर, म्हणजे नाझी पक्षाच्या सुमारे चार लाखांच्या खासगी फौजेवर, बंदी आली. आमच्या मते पाऊल बरोबर होतं. कच्चा दुवा होता लष्करातच. १० मे रोजी राइखस्टागमध्ये (जर्मन संसदेत) आजारी ग्रोनरचं भाषण नाझींच्या आरडाओरड्यात बुडालं. लष्कराचा तुमच्यावर विश्वास उरला नाही, हे त्याला सुनावलं जनरल कुर्ट फॉन श्लायखरनं, ज्याला ग्रोनर मुलासारखा मानत होता. ग्रोनरनं संरक्षण खातं सोडलं. महिनाअखेर चान्सलर ब्रूनिंगचं सरकारही गेलं, आणि जूनमध्ये नवा चान्सलर पापेननं बंदी उठवली.