पडायला हवा होता, पण पडला नाही

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या घरातलं कुणी एम.एस.साठी मिशिगनला, ओहायोला नाहीतर टेक्ससला गेलं असेल, तर सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या शनिवारचा एखादा फोटो तुमच्या फोनवर नक्की आला असेल. अख्खं स्टेडियम एकाच रंगात आणि मागे माणसंच माणसं. ॲन आर्बरच्या मिशिगन स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक मावतात, आणि ते येतातही. कशाला? कॉलेजच्या पोरांचा अमेरिकन फुटबॉल बघायला.

या खेळाभोवती दर मोसमात एक वाद रंगतो. सर्वांत गुणी खेळाडू कोण, याचा निकाल हाइझमन ट्रॉफीचे मतदार १९३५ पासून देत आले आहेत. मला बोलायचंय ते त्याहून वेगळं. गुणी कोण हे राहू द्या. हातातलं काम टाकून बघत बसावं असा कोण? या दोन प्रश्नांची उत्तरं एकच असतात असं मला अजिबात वाटत नाही, आणि त्यासाठी २०२४चा मोसम आठवावा लागेल.

त्या वर्षी दोन नावं होती. कोलोरॅडो विद्यापीठाचा ट्रॅव्हिस हंटर आणि बॉइझी स्टेटचा ॲश्टन जेंटी.

हंटरचं मोठेपण कळायला खेळाची एक रीत ठाऊक हवी. यात चढाई करणारे अकरा वेगळे आणि अडवणारे अकरा वेगळे. चेंडूचा ताबा बदलला की एक तुकडी बाहेर बसते, दुसरी आत येते. हंटर मात्र आतच राहायचा. आत्ता लांबचा पास झेलून आला आणि लगेच उलट बाजूला उभा राहून समोरच्याचा पास तोडतोय. कित्येक सामन्यांत तो शंभराहून अधिक खेळी, म्हणजे चेंडू पुढे नेण्याचे एकेक प्रयत्न, खेळला. मोसमात ९६ झेल, १५ टचडाउन (म्हणजे चेंडू घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार जाणं), आणि त्याच हातांनी प्रतिस्पर्ध्यांचे चार पास पळवले. बेलरविरुद्धचा सामना जादा वेळेत गेला. कोलोरॅडो सात गुणांनी पुढे होता. बेलरचा गडी चेंडू काखेत धरून रेषेवर पोहोचलाच होता, एवढ्यात हंटर असा आदळला की चेंडू निसटला आणि सामना तिथेच संपला. पास झेलणं ही ज्याची ख्याती, त्यानं धडक मारून सामना जिंकून दिला. ट्रॉफी त्याला मिळाली, २,२३१ गुण विरुद्ध २,०१७, आणि ती योग्यच माणसाला मिळाली.

पण बघायला? मी जेंटीच्या बाजूचा आहे, आणि ते ठासून सांगतो.

उंची पाच फूट साडेआठ इंच. या खेळात ती ठेंगणीच. वडील अमेरिकन नौदलात, त्यामुळे त्याचा हायस्कूलचा फुटबॉल सुरू झाला तो इटलीतल्या नेपल्समध्ये. खेळी सुरू व्हायच्या आधी बाकीचे रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारे गडी, गुडघ्यांवर हात टेकून वाकतात. हा सरळ उभा, हात सैल सोडलेले, बसथांब्यावर उभं राहावं तसा. मग चेंडू हातात येतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याला दोघांनी कवेत घेतलं की आपण मनातल्या मनात त्याला बाद धरतो. आणि तो कधीतरी त्या दोघांना घेऊनच मध्यरेषेकडे सरकतो, तेव्हा मैदानातला आवाज बदलतो. जेंटीच्या बाबतीत हे दर पाच-दहा मिनिटांनी घडायचं. त्या मोसमात धावून काढलेल्या २,६०१ यार्डांपैकी निम्म्याहून अधिक यार्ड त्यानं धक्का बसल्यानंतर कमावले. म्हणजे इतर कुणी जिथं जमिनीवर असता, तिथून त्याची धाव सुरू होत होती.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: बॉइझीचे बरेचसे प्रतिस्पर्धी दुय्यम होते. पण ऑरेगनसारख्या तगड्या संघाविरुद्धही, त्यांच्याच मैदानावर, त्यानं १९२ यार्ड आणि तीन टचडाउन केले. बॉइझी ३७-३४ असा हरला, इतकंच. त्याही आधी, दुसऱ्या कॉलेजांनी मोठ्या पैशांची आमिषं दाखवली असताना तो बॉइझी सोडून गेला नाही, याचं मला फार कौतुक आहे.

जेरेमाया स्मिथचं नाव घेतल्याशिवाय तरुण मंडळी मला सोडणार नाहीत. ओहायो स्टेटच्या या पोरानं पहिल्याच वर्षी, जानेवारी २०२५च्या अंतिम सामन्यात, अडचणीच्या क्षणी ५६ यार्डांचा झेल घेतला. सुंदरच. तरी झेलणाऱ्याची गंमत चेंडू हवेत असेपर्यंतची. पळणाऱ्याची गंमत लांबते.

टेक्सस विद्यापीठाचा व्हिन्स यंग आठवा. ४ जानेवारी २००६, रोझ बोल, मोसमाअखेरचा मोठा सामना. समोर सलग ३४ सामने जिंकलेला यूएससी, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, संघात दोन-दोन हाइझमन विजेते. यंग त्या वर्षी मतदानात दुसरा आला होता. टेक्सस पाच गुणांनी मागे, चौथा आणि शेवटचा प्रयत्न, पाच यार्ड हवे होते. पास द्यायला कुणी मोकळं दिसेना, तेव्हा तो उजवीकडे वळला आणि कोपऱ्यातून स्वतःच आत पळाला. घड्याळात १९ सेकंद उरले होते. त्या रात्री त्यानं नुसत्या धावेनं २०० यार्ड काढले.

जेंटीला अशी रात्र मिळाली नाही. ३१ डिसेंबर २०२४ला, ॲरिझोनातल्या फिएस्टा बोलमध्ये, बॅरी सँडर्सचा १९८८चा, एका मोसमात धावून काढलेल्या २,६२८ यार्डांचा विक्रम मोडायला त्याला १३२ यार्ड हवे होते. सँडर्सनं ते अकरा सामन्यांत केले होते, हेही सांगायला हवं; तेव्हा बोल सामन्यातली धाव हिशेबात धरत नसत. पेन स्टेटनं जेंटीसाठी भिंतच उभी केली. त्यानं तीस वेळा चेंडू उचलला, १०४ यार्ड मिळाले. सामना ३१-१४ असा हातचा गेला आणि विक्रम २७ यार्डांनी राहिला. तिसाव्या वेळीही समोरच्यांनी त्याला एकट्यानं धरायची जोखीम घेतली नाही.

नमस्कार.